नागपूरच्या हवेत कोल्ड प्रोसेस साबण: पृष्ठभागावरचे दोष ओळखणे आणि दुरुस्त करणे

घरी कोल्ड प्रोसेस पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता तेले आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण एकत्र करून साबण करणाऱ्याला लादी (साच्यात जमलेला साबणाचा अखंड ठोकळा) साच्यातून काढल्यावर वरच्या बाजूला पांढरी भुकटी, भेग किंवा डाग दिसला, की त्याचा हात आधी कृतीकडे जातो आणि तो तेलांचे प्रमाण बदलू लागतो. माझ्या मते कृतीला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे तो दोष केव्हा उमटला आणि दुसरी म्हणजे ज्या दिवशी मिश्रण ओतले त्या दिवशी हवा कशी होती. ओतल्यानंतर काही तासांतच दिसणारे दोष बहुतेक वेळा उष्णतेचे असतात, पहिल्या दोन-चार दिवसांत वर येणारे किंवा कापताना सापडणारे दोष पाण्याच्या प्रमाणाचे अथवा मिसळण्याचे असतात, आणि महिना-दोन महिन्यांनी उमटणारे दोष तेलाच्या जातीशी व साठवणीशी निगडित असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते. त्यामुळे थंड देशांतल्या किंवा समुद्रकाठच्या साबणकारांनी दिलेले तापमानाचे आकडे येथे वर्षभर जसेच्या तसे चालत नाहीत.

पुढील विवेचनासाठी एक साधी कृती धरू. एकूण १००० ग्रॅम तेलांत नारळाचे ३०० ग्रॅम, ऑलिव्हचे ४०० ग्रॅम, राइस ब्रॅन (भाताच्या कोंड्याचे) २०० ग्रॅम आणि एरंडेल १०० ग्रॅम घेतले, आणि ५ टक्के सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मुद्दाम शिल्लक राहू दिलेले तेल, ठेवला, तर कॉस्टिक सोडा साधारण १४१ ग्रॅम लागतो. त्यासाठी पाणी किती घ्यायचे यावर पृष्ठभागाचे बरेचसे भवितव्य ठरते. तेलाच्या ३८ टक्के पाणी घ्यावे, या जुन्या नियमाने ते ३८० ग्रॅम होते आणि द्रावणात कॉस्टिकचे प्रमाण जेमतेम २७ टक्के राहते. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी घेतले, तर ते २८२ ग्रॅम होते आणि द्रावण ३३ टक्क्यांचे बनते. रोजच्या साबणासाठी मी हेच प्रमाण सुचवेन. तेले बदलली तर कॉस्टिकचा आकडाही बदलतो, म्हणून प्रत्येक नव्या कृतीचा हिशेब सोप कॅल्क्युलेटरवर (तेलांच्या वजनावरून लागणारा कॉस्टिक काढून देणारे साधन) पुन्हा करावा आणि वजने १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावरच घ्यावीत.

सुरक्षेचे नियम थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्तीची घाई झाली की तेच आधी सुटतात. हातमोजे आणि चष्मा नेहमी घालावा. कॉस्टिक पाण्यात घालावा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले किंवा चमचा वापरू नये, कारण कॉस्टिक त्या धातूला खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. त्वचेवर थेंब उडाल्यास व्हिनेगर किंवा लिंबू न लावता वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे.

पांढरी भुकटी

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी काळजी करण्याजोगा दोष म्हणजे सोडा ॲश. मिश्रणातील ज्या कॉस्टिकची तेलाशी अजून अभिक्रिया झालेली नसते, तो पृष्ठभागावरच्या ओलाव्यात हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि सोडियम कार्बोनेट तयार होते. हाच आपला धुण्याचा सोडा. वडीवर त्याचा पातळ थर राहिला तरी साबण खराब होत नाही. फक्त रंग फिका दिसतो, नक्षी झाकली जाते आणि हाताला पीठ लागल्यासारखे वाटते.

खरोखर ॲशच आहे का, हे ओल्या बोटाने तपासता येते. हातमोजा घालून बोट ओले करावे आणि डागावरून फिरवावे. भुकटी विरघळून खालचा रंग वर आला तर ती ॲश समजावी. डाग मेणासारखा तसाच राहिला तर तो स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे घन चरबीतल्या मेणचट घटकाचा, ठिपका असण्याचा संभव अधिक आहे. डागाखाली पोकळी असेल, पांढरे रवाळ खडे दिसत असतील किंवा त्यातून पाणी पाझरत असेल, तर काम तेथेच थांबवून कॉस्टिकच्या कप्प्यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते आधी वाचावे.

ॲश टाळण्याचे मार्ग तिच्या कारणांतूनच निघतात. पाणी कमी केले की पृष्ठभाग लवकर सुकतो आणि अभिक्रियाही वेगाने पुरी होते, म्हणून ३८० ऐवजी २८२ ग्रॅम पाण्यावर आल्याने बराच फरक पडतो. मिश्रण अगदी पातळ असताना ओतण्याऐवजी ट्रेस, म्हणजे तेल व द्रावण एकजीव होऊन मिश्रणाला येणारा दाटपणा, थोडा घट्ट होऊ द्यावा. ओतल्यानंतर वरचा भाग हवेपासून झाकावा. साचा सपाट असेल तर प्लॅस्टिकची पातळ फिल्म थेट मिश्रणाला टेकवून अंथरावी. वर नक्षी काढली असेल तर साच्यावर पुठ्ठ्याचा डबा पालथा घालावा. औषधांच्या दुकानात मिळणारे ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतल्याबरोबर आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटांनी हलके फवारल्यासही ॲश कमी येते. हे अल्कोहोल लगेच पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात गॅस चालू असताना ते फवारू नये.

आपल्याकडे आणखी एक कारण असते, आणि इतर ठिकाणच्या मार्गदर्शनात ते सहसा सापडत नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या बहुतेक घरांत कूलर दिवसरात्र चालतो. ओल्या ताट्यांतून येणारा तो झोत साच्यावर पडला, तर पृष्ठभाग ओलसरही राहतो आणि त्यावर नवनवी हवाही येत राहते. ॲश येण्यासाठी याहून अनुकूल स्थिती क्वचितच मिळेल. म्हणून पहिले ४८ तास साचा कूलरच्या खोलीत ठेवू नये. दुसरी खोली नसेल तर तो कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवावा.

आलेली ॲश काढण्याची घाई करू नये. लादी कापून वड्या तीन-चार आठवडे सुकू द्याव्यात आणि मगच ती काढावी, नाही तर कधी कधी ती पुन्हा वर येते. वडी चिमट्यात धरून उकळत्या पाण्याच्या वाफेवरून काही सेकंद फिरवली की थर विरघळून पृष्ठभाग चकचकीत होतो. त्यानंतर दिवसभर तिला हात लावू नये. वाफेची सोय नसेल तर गार पाण्याखाली हातमोजा फिरवून धुवावे आणि वडी उभी करून वाळवावी. वर नक्षी नसलेल्या वड्यांचा वरचा पातळ पापुद्रा भाजी सोलण्याच्या सोलाण्याने काढला तरी चालतो.

उष्णतेचे दोष

तेल आणि कॉस्टिक यांच्या अभिक्रियेतून स्वतःचीच उष्णता निघते. मे महिन्यात घरातली तेलेच ३८-४० अंशांवर असतात, त्यात कॉस्टिक पाण्यात विरघळताना द्रावण ८०-९० अंशांपर्यंत चढलेले असते, आणि त्यावर कोणी परदेशी सल्ला वाचून साचा टॉवेलात गुंडाळला, तर लादीच्या मध्यभागाची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. मग वर लांबट भेग पडते, पृष्ठभाग सुरकुततो, सिलिकॉनच्या साच्याला टेकलेल्या बाजूंवर बारीक खड्डे उमटतात आणि फारच झाले तर मिश्रण मधून फुगून साच्याबाहेर येते. दूध, मध, साखर किंवा संत्र्याचा रस घातला असेल तर हा धोका वाढतो, कारण त्यांतील शर्करा कॉस्टिकच्या संपर्कात आल्यावर आणखी उष्णता निर्माण करतात. नागपुरी संत्र्याच्या रसाचा साबण करण्याचा मोह येथे अनेकांना होतो. रसातील सायट्रिक आम्ल काही कॉस्टिक वापरून टाकते हेही त्यांनी लक्षात ठेवावे, कारण त्यामुळे प्रत्यक्ष सुपरफॅट ठरवल्यापेक्षा जास्त होतो आणि साबण मऊ राहतो.

उन्हाळ्यात काम पहाटे करावे. मोजलेल्या डिस्टिल्ड पाण्यापैकी निम्मे बर्फ करून घ्यावे आणि कॉस्टिक त्यात थोडा थोडा विरघळवावा. द्रावण ३५ अंशांच्या आसपास आल्यावर तेलात घालावे. साचा झाकावा, पण त्यावर पांघरूण घालू नये आणि तो जाळीवर ठेवावा, म्हणजे खालूनही हवा लागेल. दुधाच्या किंवा मधाच्या लाद्या पहिले २४ तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. भेग पडताना दिसली तर लगेच झाकण काढून साचा पंख्यापुढे न्यावा आणि मिश्रण मऊ असेपर्यंतच हातमोजा घातलेल्या बोटाने ती भेग दाबून बंद करावी. तेथे थोडी ॲश येईल, पण ती नंतर काढता येते आणि भेग मात्र एकदा लादी घट्ट झाली की जुळत नाही. मिश्रण फुगून वर येत असेल तर साचा रुंद ट्रेमध्ये ठेवून चमच्याने ते आत ढवळावे. अशी लादी दिसायला ओबडधोबड होते, परंतु नीट मिसळली असेल तर वापरायला निर्धोक असते.

पाणी जास्त आणि उष्णताही जास्त, असा योग जुळला की रंगीत साबणात पारदर्शक शिरांचे जाळे दिसते. ग्लिसरीन रिव्हर्स या नावाने ते ओळखले जाते आणि टायटॅनियम डायऑक्साइड घातलेल्या पांढऱ्या भागात ते अधिक उठून दिसते. यात बिघडलेले काही नसते आणि केलेल्या वडीत ते दुरुस्तही करता येत नाही. पुढच्या वेळी पाणी कमी करावे आणि लादी थंड ठेवावी.

हिवाळ्यात प्रश्न उलटा होतो. नारळाचे तेल २४-२५ अंशांखाली गोठते आणि नागपूरच्या जानेवारीत ते बरणीत दगडासारखे झालेले असते. ते पूर्ण न वितळवता किंवा वितळवून गार होऊ दिल्यावर द्रावण मिसळले, तर घन होऊ लागलेल्या चरबीमुळे मिश्रण लवकर घट्ट दिसते आणि ट्रेस आल्याचा भास होतो. अशी लादी ओतली की पुढे वर तेल सुटते किंवा आत पांढरे मेणचट ठिपके राहतात. पाम तेल, शिया बटर, कोकम बटर किंवा स्टिअरिक आम्ल वापरणाऱ्यांनी तर सर्व घन पदार्थ पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवावेत आणि मिसळताना तेल व द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर ठेवावीत. हिवाळ्यातच आणखी एक दोष दिसतो. कापलेल्या वडीच्या मध्यभागी गडद, किंचित पारदर्शक वर्तुळ असते आणि कडा फिक्या असतात. मधला भाग जेल अवस्थेतून (स्वतःच्या उष्णतेने मिश्रण काही काळ अर्धपारदर्शक, जेलीसारखे होते ती अवस्था) गेला आणि कडा थंडीमुळे गेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण लादी एकसारखी हवी असेल तर ओतल्याबरोबर साचा जुन्या गोधडीत गुंडाळावा, किंवा उलट मार्ग धरून तो थेट फ्रिजमध्ये ठेवावा. अर्धवट काही करू नये.

कापताना दिसणारे दोष

बारीक हवेची भोके हँड ब्लेंडरमुळे राहतात. ब्लेंडरचे तोंड तिरके करून तेलात बुडवावे, आत अडकलेली हवा बाहेर काढावी आणि मगच बटण दाबावे. मिश्रण ओतल्यावर साचा ओट्यावर चार-सहा वेळा आपटावा. पांढऱ्या किंवा निळ्या रंगाचे कण दिसले तर रंगाची पूड आधी थोड्या तेलात घोटलेली नव्हती. सुरीच्या ओढीने ओरखडे येत असतील तर लादी आडवी करून कापावी, म्हणजे वर पेरलेल्या पाकळ्या किंवा सालीचे तुकडे वडीभर ओढले जात नाहीत. संत्र्याच्या सालीची भरड पूड घातल्यास प्रत्येक कणाभोवती तपकिरी वलय येते, म्हणून ती वस्त्रगाळ करावी आणि कमीच घालावी. हळदीचा पिवळा रंग साबणात टिकत नाही. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेव्हा जसा लाल रंग येतो, तसाच क्षारामुळे येथेही हळदीचा रंग आधी लालसर होतो आणि पुढे उजेडात तो विटून तपकिरीकडे झुकतो. व्हॅनिलाचा सुगंध असलेला साबण तपकिरी होतो तो त्यातील व्हॅनिलिनमुळे.

कॉस्टिकचे कप्पे हा मात्र गंभीर दोष आहे. द्रावण नीट विरघळले नसेल, ट्रेस येण्याआधी ओतले असेल किंवा सुगंधामुळे मिश्रण एकाएकी आवळले असेल, तर कॉस्टिक एका ठिकाणी साचतो. कापलेल्या बाजूवर पांढरे रवाळ ठिपके किंवा ओल्या पोकळ्या दिसतात. पाझरणाऱ्या पाण्याला उघडा हात किंवा जीभ लावू नये. त्यावर पीएच पट्टी टेकवावी. चांगला साबण साधारण ९ ते १० च्या आसपास असतो, आणि पट्टी १२ किंवा त्याहून वर गेली तर मोकळा कॉस्टिक आहे असे समजावे. पाझर नसलेल्या कोरड्या वडीसाठी साबणकार जुनी जीभ-चाचणी करतात. ओले बोट वडीवर घासून तो फेस जिभेच्या टोकाला किंचित लावायचा. नुसती साबणाची चव आली तर ठीक, बॅटरीसारखा चटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. ही चाचणी वडीच्या आतल्या भागावर करावी, कारण वर ॲश असेल तर तिचाही सौम्य चटका बसतो. माझे स्पष्ट म्हणणे आहे की कप्पे असलेल्या लादीतल्या चांगल्या दिसणाऱ्या वड्याही निवडून वापरू नयेत. वजने बरोबर होती याची खात्री असेल तर सारी लादी किसावी आणि स्टीलच्या भांड्यात थोडे पाणी घालून, ते भांडे उकळत्या पाण्यात ठेवून एकजीव होईपर्यंत मंद वितळवावी. नंतर ती पुन्हा साच्यात दाबावी आणि सुकल्यावर पुन्हा तपासावी. वजनाचीच शंका असेल तर ती लादी टाकून द्यावी.

ज्यांच्या लाद्या वजने बरोबर असूनही मऊ किंवा तेलकट राहतात त्यांनी कॉस्टिकचा डबा पाहावा. पावसाळ्यात उघडा राहिलेला कॉस्टिक हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून गोळे धरतो. त्याचे वजन तेवढेच भरते, पण तेल साबणात बदलण्याची त्याची शक्ती कमी झालेली असते. डबा हवाबंद, प्लॅस्टिकचा आणि नव्या मालाचा असावा.

पावसाळ्यातला घाम

जुलैमध्ये वड्यांवर थेंब जमतात. थेंब कशाचा आहे हे टिपकागदावर कळते. कागदावरचा डाग वाळून गेला तर तो हवेतील ओलाव्याचा, डाग पारदर्शक तेलकट राहिला तर तेलाचा. साबणातील ग्लिसरीन ओलावा ओढते, त्यामुळे पहिला प्रकार निर्धोक आहे आणि मीठ घातलेल्या साबणात तो जास्त होतो. वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे, खोलीतला पंखा मंद चालू ठेवावा आणि वड्या पूर्ण सुकण्याआधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत. फ्रिजमधून काढलेली लादी या दिवसांत लगेच उघडली तर तिच्यावर पाणी धरते. ती गुंडाळलेली असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

नारिंगी ठिपके

महिना-दोन महिन्यांनी वडीवर नारिंगी किंवा तपकिरी ठिपके उमटले आणि जुन्या तळणाच्या तेलासारखा वास आला, तर तेल खवट झाले आहे. साबण न झालेले, सुपरफॅटचे तेल हवेतील ऑक्सिजनने बिघडते आणि उन्हाळ्याची उष्णता त्याला वेग देते. ज्या तेलांत लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्ले जास्त असतात ती आधी बिघडतात. विदर्भात सहज मिळणारी करडई, सूर्यफूल, सोयाबीन आणि जवस ही चारही तेले याच गटातली आहेत. जवसाच्या तेलात तर निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. चटणीत जवस उत्तम, साबणात तो ५ टक्क्यांपुढे नेऊ नये आणि नवशिक्याने घालूच नये. कृतीतील या दोन आम्लांची बेरीज १५ टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे आणि येथील उन्हाळ्यात सुपरफॅट ५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये. नागपूरच्या इतवारी बाजारात सुटे तेल घेताना थोडे तळहातावर चोळून वास घ्यावा, कारण मुळातच जुने तेल साबणात जाऊन ताजे होत नाही.

दुसरे कारण धातूंचे. लोह आणि तांबे यांचे सूक्ष्म अंशही तेल खवट होण्याची क्रिया जलद करतात. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर लोहही असू शकते, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी सीलबंद मिळते ते डिस्टिल्ड पाणी वापरावे. लोखंडी कढई, पितळी पातेले आणि गंजलेली जाळी साबणाच्या कामात आणू नये. वड्या लोखंडी मांडणीवर सुकवल्या, तर जेथे धातू टेकतो नेमके तेथेच ठिपके पडतात. बांबूच्या चटईवर बटर पेपर अंथरून त्यावर वड्या ठेवाव्यात. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, तेलाच्या १ टक्का घातल्यास तयार होणारे सोडियम सायट्रेट धातूंना बांधून ठेवते. मात्र प्रत्येक १० ग्रॅम लिंबूसत्त्वासाठी सुमारे ६ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्यावा लागतो. लिंबूसत्त्व आधी पाण्यात विरघळवावे आणि मग कॉस्टिक घालावा. गच्चीवर वाळवणे घालण्याच्या दिवसांत साबणही उन्हात ठेवण्याचा मोह होतो, पण ऊन आणि उष्णता दोन्ही त्याला मारक आहेत. क्युअरिंगचे, म्हणजे वड्या सुकवून मुरवण्याचे, चार ते सहा आठवडे वड्या घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात काढाव्यात.

एखाद-दुसरा ठिपका असेल तर तेवढा भाग खरवडून वडी लवकर वापरून टाकावी. त्याने अंगाला अपाय होत नाही, पण वास वाढत जातो. तिला इतर वड्यांपासून वेगळे ठेवावे. ठिपके पसरलेल्या वड्या किसून नव्या लादीत मात्र कधीही मिसळू नयेत, कारण वितळवल्याने खवटपणा जात नाही आणि बिघडलेल्या तेलातील पेरॉक्साइडे चांगल्या लादीतही तीच क्रिया सुरू करून देतात.